मेंदूज्वर: लस हडपसरची, साथ आफ्रिकेची आणि आपल्याकडचं पाठीचं पाणी

पेठकर

दुसऱ्या एका धाग्यावर ‘मेंदूज्वर म्हणजे तो डुकरांमुळे होणारा’ असं विधान आलं आणि खाली चार जणांनी +१ देऊन टाकलं. तिथे भांडत बसण्यापेक्षा इथे वेगळा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

आधी नावाचा घोळ. मराठीत मेंदूज्वर हा एकच शब्द दोन आजारांना चिकटलाय. डुकरं, बगळे आणि भातखाचरातले क्युलेक्स डास यांच्या साखळीतून येतो तो जपानी मेंदूज्वर. त्यात विषाणू खुद्द मेंदूलाच सुजवतो, म्हणजे एन्सेफलायटिस. हा धागा मेनिंजायटिसचा, मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणांच्या दाहाचा. तो जिवाणू, विषाणू, क्षयाचे जंतू, बुरशी, क्वचित अमीबा, कशानेही होतो. विषाणूंचा बहुतेकदा आपोआप उतरतो. जिवाणूंचा मात्र चोवीस तासांत माणूस नेऊ शकतो.

जगाचा अंदाज २०१९ सालचा: सुमारे २५ लाख रुग्ण, २ लाख ३६ हजार मृत्यू, त्यातली १ लाख १२ हजार मुलं पाच वर्षांच्या आतली. १९९० मध्ये मृत्यू ४ लाख ३३ हजार होते, म्हणजे उतरण आहे, पण गोवर किंवा धनुर्वातासारखी झपाट्याची नाही. जिवाणूंचा मेनिंजायटिस झालेल्या सहा जणांतला एक जातो आणि पाचातल्या एकाला बहिरेपण, फिट्स, हातपाय जाणं असलं काहीतरी मागे राहतं. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आराखडा मंजूर केला. २०१५ च्या तुलनेत २०३० पर्यंत लसीने टाळता येणारे रुग्ण निम्म्यावर आणि त्यांतले मृत्यू ७० टक्क्यांनी कमी करायचे, शिवाय साथी बंद करायच्या.

या सगळ्यात पुण्याचा हात मोठा आहे, म्हणून इथे.

तिरकस

म्हणजे लस पुण्यात बनते आणि आपण ती बाहेरगावी पाठवतो. बाकरवडीचंही तेच.

मांजरीकर

तिरकसराव, बाकरवडी गिऱ्हाईक मागतं म्हणून जाते. ही लस त्या भावात बनवायला दुसरं कुणी पुढे येईना म्हणून इथे बनली.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या कमरेला आडवा पट्टा आहे, २६ देशांचा. डिसेंबर ते जून तिथे कोरडं. सहारातून हरमॅटन वारा धूळ घेऊन येतो, नाकाघशाचं अस्तर सोलवटतं आणि घशात निवांत बसलेला मेनिंगोकॉकस (मेनिंजायटिसचा एक जिवाणू) रक्तात शिरतो. पाऊस पडला की साथ ओसरते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण आणि २५ हजार मृत्यू झाले. त्या काळी पट्ट्यातले दहातले आठ रुग्ण ‘ए’ गटाच्या जंतूचे असत.

जुनी लस होतीच. जंतूच्या अंगावर शर्करेच्या साखळ्यांचं कवच असतं, तेच शुद्ध करून टोचायचे. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर नुसत्या शर्करेला जवळजवळ दाद देत नाही. मोठ्यांमध्येही आठवण टिकत नाही आणि घशातला जंतू हलत नाही. म्हणून साथ लागली की धावत जाऊन टोचायचं, तोवर अर्धी साथ होऊन गेलेली. उपाय म्हणजे शर्करेला प्रथिनाची गाठ मारणं. प्रथिन दिसलं की टी पेशी जाग्या होतात आणि शर्करेविरुद्धही पक्की प्रतिकारशक्ती तयार होते. हीच कॉन्जुगेट लस.

गाठ मारायची कृती साधारण अशी. शर्करेवर सोडियम पेरिऑडेटची क्रिया करून साखळीवर अल्डिहाइडचे हुक तयार करायचे. धनुर्वाताच्या टॉक्सॉइडवर (निर्विष केलेल्या विषावर, हेच ते प्रथिन) हायड्रॅझिनने जुळणारे हुक बसवायचे. दोन्ही एकत्र ठेवले की ते एकमेकांत अडकतात, उरलेले मोकळे हुक बोरोहायड्राइडने बंद करायचे आणि न जुळलेला माल गाळून काढायचा. बिघडतं ते दोन ठिकाणी. पेरिऑडेट जास्त झालं की शर्करेची मूळ ठेवणच मोडते, मग शरीर भलत्याच आकाराविरुद्ध तयारी करतं. आणि गाळणी नीट झाली नाही तर मोकळी शर्करा उरते, ती लसीचाच असर बोथट करते. त्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये मोकळी शर्करा मोजतात. ‘ए’ची शर्करा पाण्यात हळूहळू तुटते, म्हणून लस गोठवून सुकवलेली, सोबत द्रावणाची वेगळी बाटली.

हे तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतलं, टॉक्सॉइड हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं घरचं. पाथ ही आरोग्यातली ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा प्रकल्प २००१ ला सुरू झाला. आफ्रिकी सरकारांची अट होती की डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला पाहिजे. बसला. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मेनआफ्रिव्हॅकची, म्हणजे याच ‘ए’च्या कॉन्जुगेट लसीची, मोहीम सुरू झाली, १ ते २९ वर्षांच्या सगळ्यांना एकेक डोस. इतका मोठा वयोगट घेतला कारण जंतू घशात घेऊन फिरतात ती मुख्यतः मोठी मुलं आणि तरुण. त्यांचे घसे साफ झाले की तान्ह्यांपर्यंत जंतू पोचत नाही. २०१२ मध्ये हीच लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बाहेर ठेवायला मान्यता मिळाली आणि बेनिनमध्ये ती बर्फाविना गावोगाव नेली. एकूण ३५ कोटींवर लोकांना टोचली. पट्ट्यात ‘ए’चा शेवटचा सिद्ध झालेला रुग्ण २०१७ चा.

मग ‘सी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ उरले. २०१५ ला नायजरमध्ये आणि २०१७ ला नायजेरियात ‘सी’च्या मोठ्या साथी आल्या, नायजेरियात संशयित रुग्ण १४ हजारांवर. त्यासाठी मेनफाइव्ह, म्हणजे ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स एका कुपीत. पुन्हा पाथ आणि सीरम, तेरा वर्षांचं काम. ‘ए’ आणि ‘एक्स’ टॉक्सॉइडला जोडलेत, बाकी तीन सीआरएम१९७ या दुसऱ्या प्रथिनाला, कारण पाचही एकाच प्रथिनावर लादले तर त्याचा डोस भलताच वाढतो. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता, मार्च २०२४ मध्ये नायजेरियात पहिला वापर.

‘बी’ यात का नाही? ‘बी’चं कवच आपल्याच चेतापेशींवरच्या शर्करेसारखं दिसतं. त्याविरुद्ध शरीर लढत नाही, आणि लढलं तर ते नकोच. त्यामुळे ‘बी’ची लस कवच सोडून बाहेरच्या पडद्यावरच्या प्रथिनांची करावी लागते.

तिरकस

बाकरवडीचे शब्द मागे घेतो.

सूक्ष्मदर्शक

मांजरीकर, उत्तम प्रतिसाद. पण आफ्रिकेचा नकाशा पुण्याला लावू नका. भारतात मेनिंगोकॉकसच्या साथी झाल्यात (दिल्ली १९८५ आणि २००५, मेघालय २००८-०९, त्रिपुरा २००९), सगळ्या ‘ए’च्या. एरवी तो आपल्याकडे तुरळक. आपल्या वॉर्डातले नेहमीचे म्हणजे न्यूमोकॉकस, लसीआधीच्या काळात हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी हा जिवाणू), आणि क्षय. नवजात बाळांत क्लेबसिएला, ई. कोलाय, असिनेटोबॅक्टर. २०१९ च्या जागतिक अंदाजात मृत्यूंमध्ये न्यूमोकॉकस पहिला, मेनिंगोकॉकस दुसरा आणि क्लेबसिएला तिसरा, सुमारे १२ टक्के. त्याला लस नाही, आणि पुष्कळ प्रतिजैविकांना तो जुमानत नाही. तिथे नवजात कक्षातली हातांची स्वच्छता हीच लस.

आता आमच्या खात्यातलं दुखणं. पाठीचं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतालचा द्रव, कंबरेत सुई घालून काढून तपासणीला येतं. त्यात पेशी हजारोंनी, साखर २०, आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) मात्र कोरडं. कारण बहुतेकदा पेशंटच्या पोटात तीन दिवसांचं सेफिक्झिम हे प्रतिजैविक असतं. तोंडाने घेतलेल्या त्या औषधाने आजार बरा होत नाही, पण जंतू वाढू न देण्याइतका दबतो. मग कोणता जंतू, त्याला काय लागू पडतं, कुठला गट, काहीच कळत नाही. देशात नेमकं काय फिरतंय याचे आकडे कच्चे राहतात ते असे.

पाणी प्रयोगशाळेत आल्यावर:

तीन बाटल्या हव्यात, शक्य असेल तर चार. साखर आणि प्रथिनं, कल्चर, पेशी, आणि चौथी राखीव. साखरेची बाटली फ्लुओराइडची, करड्या झाकणाची, नाहीतर पेशी साखर खात बसतात आणि खोटा कमी आकडा येतो. त्याच वेळी रक्तातली साखरही पाठवा. पाण्यात ४५ साखर चांगली की वाईट हे रक्तात ७० आहे की ३०० यावर ठरतं. मधुमेह्यांच्या बाबतीत हे हमखास विसरतात.

पेशी तासाभरात मोजल्या पाहिजेत. सामान्य तापमानाला दोन तास पाणी पडून राहिलं तर न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) निम्म्यावर येतात. ‘जेवण झाल्यावर नेतो’ म्हटलं की जिवाणूंचा रिपोर्ट विषाणूसारखा दिसू लागतो. आणि कल्चरची बाटली फ्रीजमध्ये? अजिबात नाही. लघवी, थुंकी फ्रीजमध्ये ठेवायची सवय असते म्हणून हीसुद्धा आत जाते. मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस थंडीने मरतात.

पाणी फिरवून तळाचा गाळ ग्रॅम स्टेनला (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) घ्यायचा. पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं आणि ते फोनवर सांगायचं, रिपोर्ट छापायची वाट बघायची नाही. निळेजांभळे जोडगोळी भाल्याच्या टोकासारखे दिसले तर न्यूमोकॉकस, लाल जोड्या राजम्याच्या दाण्यांसारख्या आणि बऱ्याचशा पेशींच्या पोटात दिसल्या तर मेनिंगोकॉकस. वाढवायला चॉकलेट अगर लागतं. त्यात चॉकलेट नसतं, तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं. इन्क्युबेटरमध्ये पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, नसेल तर बरणीत मेणबत्ती लावून झाकण घट्ट. जुनी पद्धत आहे, पण चालते.

आकड्यांचा ढोबळ हिशेब: नेहमीच्या पाण्यात पाचच्या आत पेशी, प्रथिनं १५ ते ४५, साखर रक्ताच्या दोन तृतीयांश. जिवाणूंत पेशी बहुधा हजारावर आणि न्यूट्रोफिल जास्त, प्रथिनं शंभरावर, साखर रक्ताच्या ४० टक्क्यांच्या खाली. विषाणूंत लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, साखर ठीक. क्षयात लिम्फोसाइट पण साखर कमी आणि प्रथिनं भरपूर. क्षयाचं पाणी बाटलीत न हलवता ठेवलं तर कधीकधी वर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक साय धरते. ती फेकू नका, जंतू त्या जाळ्यातच सापडतात.

क्षयासाठी पाणी जास्त लागतं, मोठ्या माणसात निदान ६ मिली. अर्धा मिली पाठवून सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आलं म्हणजे क्षय नाही, असं कुणी समजू नये. भरपूर पाठवूनही निगेटिव्ह येऊ शकतं. एका तासात उत्तर देणारी, एकदम अनेक जंतू शोधणारी मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनेलं मोठ्या रुग्णालयांत असतात. प्रतिजैविक पोटात गेलेलं असलं तरी ती जंतूचा डीएनए पकडतात. पण नेहमीच्या पॅनेलात क्षय नसतो आणि क्लेबसिएलाही नसतो. यादी वाचल्याशिवाय ‘पॅनेल निगेटिव्ह’वर झोपू नये.

कोथरूडची_आई

सगळे ‘पाणी काढा’ म्हणताय, पण घरोघरी ऐकू येतं की पाठीतून पाणी काढलं की पाय जातात. काहीजण सही करायला तयार होत नाहीत. खरं काय आहे?

रात्रपाळी

ताई, हा प्रश्न रोजचा आहे आणि उत्तराला वेळ द्यावा असाच आहे. मज्जारज्जू मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, नवजात बाळात तिसऱ्यापाशी. सुई त्याच्याही खाली घालतात, मोठ्यांत तिसऱ्या-चौथ्या मणक्यात, बाळांत चौथ्या-पाचव्यात. तिथे रज्जू नसतो, पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात, ते सुईने बाजूला सरतात. शरीरात हे पाणी सुमारे १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० मिली नवीन तयार होतं. आपण काढतो ५ ते १० मिली, अर्ध्या तासात भरून निघतं. पाय जातात ते बहुधा आजाराने, आणि दोष सुईला लागतो. सुईने खरोखर होतं ते डोकं दुखणं. बसलं की दुखतं, झोपलं की थांबतं, बहुतेकांचं काही दिवसांत जातं. बोथट टोकाच्या बारीक सुईने कमी होतं.

पाणी आधी काढू नये असे प्रसंग आहेत: शुद्ध फार हरपलेली, नुकतीच फिट आलेली, एक बाजू लुळी, डोळ्याच्या पडद्यावर सूज, रक्तदाब कोसळलेला, प्लेटलेट फार खाली, किंवा टोचायच्या जागी गळू. मेंदूत गाठ किंवा मोठी सूज असेल तर खालून पाणी काढल्यावर मेंदू खाली सरकू शकतो. म्हणून अशा वेळी आधी सीटी. पण सगळ्यात मोठी चूक इथेच होते: सीटीच्या रांगेत दोन तास जातात आणि प्रतिजैविक ‘पाणी काढल्यावर देऊ’ म्हणून थांबलेलं असतं. क्रम असा हवा. रक्ताचं कल्चर, लगेच स्टेरॉइड आणि प्रतिजैविक, मग सीटी, मग पाणी. पहिला डोस शक्यतो तासाभरात. इंजेक्शननंतर मेनिंगोकॉकस दोन तासांत, न्यूमोकॉकस चारेक तासांत कल्चरमधून जाऊ शकतो, हे मान्य. पण पेशी, साखर, प्रथिनं लगेच बदलत नाहीत, आणि पीसीआर आहेच. सूक्ष्मदर्शक यांच्या तक्रारीतलं तोंडाने घेतलेलं सेफिक्झिम आणि ही शिरेतली पहिली सुई, दोन्हींची गल्लत करू नका.

मोठ्या माणसाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, सोबत व्हॅन्कोमायसिन, कारण प्रतिरोधक न्यूमोकॉकस गृहीतच धरावा लागतो. पन्नाशीच्या पुढे किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर लिस्टेरिया या जिवाणूसाठी अ‍ॅम्पिसिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी, कारण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लिस्टेरियाला शिवतही नाही. डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दर ६ तासांनी चार दिवस, पहिला डोस प्रतिजैविकाच्या जरा आधी किंवा सोबतच. जंतू फुटले की जी आग भडकते ती याने आटोक्यात राहते आणि बहिरेपण कमी होतं. नवजात बाळांत स्टेरॉइड देत नाहीत, आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनऐवजी सेफोटॅक्झिम, कारण सलाइनमधलं कॅल्शियम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मिळून खडे धरतात. हे वाचून कुणी घरी डोस ठरवू नये, हे वेगळं सांगायला नको. तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र लक्षात घ्यावं: संशय असेल आणि मोठं रुग्णालय लांब असेल, तर पहिली सुई तिथेच द्या. चिठ्ठीवर औषध, डोस आणि वेळ ठळक लिहा. ‘इंज. दिले’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीचा पुढच्या डॉक्टरला काडीचा उपयोग नसतो.

लक्षणांचं: मान आखडण्याची वाट बघू नका. तान्ह्यांत मान मऊच असते. टाळू फुगलेली, दूध ओढत नाही, किंकाळीसारखं रडणं, उचलून घेतल्यावर जास्त रडणं, अंग सैल, ही खरी लक्षणं. म्हाताऱ्यांत नुसता ताप आणि बरळणं. तापात अंगावर लालजांभळे ठिपके आले तर त्यावर काचेचा पेला दाबून बघा, दाबूनही रंग गेला नाही तर तडक रुग्णालयात. सावळ्या अंगावर ते सहज दिसत नाहीत. तळहात, तळपाय आणि डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आत बघावं.

क्षयाचा मेनिंजायटिस याउलट पाय ओढत येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, डोकेदुखी, ‘परीक्षेचं टेन्शन असेल’, मग एका डोळ्याला तिरळेपणा, मग ग्लानी. औषधं बारा महिने, सुरुवातीला स्टेरॉइड. सहा महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडलं की परत पहिल्यापासून.

सूतिका

इथे एक पुणेरी घोळ आधीच निस्तरते. प्रसूतिशास्त्रात जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, नवजात बाळांच्या मेनिंजायटिसचं एक मोठं कारण. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जो जीबीएस गाजला तो गुलेन बॅरी सिंड्रोम, चेतातंतूंचा आजार. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. त्या जीबीएसमध्येही पाठीचं पाणी काढतात, पण तिथे प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र नेहमीइतक्याच, त्यावरूनच ओळखतात. गरोदर बाईच्या फाइलवर जीबीएस पॉझिटिव्ह वाचून घरच्यांनी हंबरडा फोडू नये.

आमच्या जीबीएसला मान्यता मिळालेली लस अजून नाही. ३६-३७ व्या आठवड्यात योनी आणि गुदद्वारापाशी घेतलेल्या स्वॅबमध्ये जंतू सापडला, किंवा आधीच्या बाळाला हा आजार झाला होता, तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन: आधी ५० लाख युनिट, मग दर चार तासांनी २५ ते ३० लाख, प्रसूती होईपर्यंत. पहिला डोस जन्माआधी किमान चार तास गेलेला हवा, म्हणून अशा बाईने कळा वाढायची वाट बघत घरी बसू नये. आठव्या महिन्यात गोळ्या देऊन जंतू घालवून टाकू, हे चालत नाही. तो कळा सुरू होईपर्यंत परत येतो. शिवाय या पेनिसिलिनने पहिल्या आठवड्यातला आजार टळतो, नंतर तीन महिन्यांपर्यंत येणारा टळत नाही.

परदेशवारी

मुलगी ऑगस्टमध्ये टेक्ससला चालली आहे. विद्यापीठाने मेनिंगोकॉकसचं प्रमाणपत्र मागितलंय. कधी घ्यावी?

मांजरीकर

तिथला नियम २२ वर्षांखालच्यांना आहे. वर्ग सुरू व्हायच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली आणि पाच वर्षांच्या आतली असावी. एसीडब्ल्यूवाय (ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांची) कॉन्जुगेट घ्या, प्रमाणपत्रावर लसीचं नाव, बॅच, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का. ‘मेनिंजायटिस व्हॅक्सिन गिव्हन’ एवढ्यावर परत पाठवतात. ‘बी’ची लस वेगळी असते, ती तिकडेच घ्यावी लागते. हज-उमराहलाही एसीडब्ल्यूवायच लागते, पोचण्याआधी दहा दिवस, कारण २००० साली हजला ‘डब्ल्यू’ची साथ झाली आणि यात्रेकरूंबरोबर ती देशोदेशी गेली. कॉन्जुगेटचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, नुसत्या शर्करेच्या लसीचं तीन.

पेठकर

रुग्णाच्या जवळच्यांना गोळी द्यायची असते म्हणतात. कुणाकुणाला? एकाला झालं की अख्खी सोसायटी केमिस्टकडे धावते.

रात्रपाळी

फक्त मेनिंगोकॉकस असेल तर, आणि हिब असेल व घरात लस न झालेलं लहान मूल असेल तर. न्यूमोकॉकसला लागत नाही. जवळचे म्हणजे आधीच्या सात दिवसांत एका घरात राहिलेले, वसतिगृहात एका खोलीत झोपणारे, तोंडातोंडाचा संपर्क आलेले. आपल्या पीजीतली चार कॉटची खोली त्यात बसते, वरचा मजला बसत नाही. कॉलेजचा वर्ग नाही, लिफ्टमध्ये भेटलेले नाहीत. डॉक्टर-नर्समध्ये फक्त मास्कविना नळी घातलेले किंवा घसा साफ केलेले.

चोवीस तासांत द्यावं, चौदा दिवसांनंतर काही अर्थ उरत नाही. पुस्तकात सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० ची एक गोळी आहे, पण २००५ च्या दिल्लीच्या साथीतले जंतू सिप्रोला दाद देत नव्हते. त्यामुळे मोठ्यांना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २५० मिलिग्रॅमची कमरेत एक सुई बरी, पंधरा वर्षांखाली १२५. गरोदर बाईलाही चालते. रिफॅम्पिसिन दोन दिवस चालतं, पण लघवी केशरी होते, गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात, आणि क्षयाचं औषध असं वाटत सुटणं मला पटत नाही.

शीतसाखळी

सरकारी लसीकरणाचं कुणी बोललं नाही म्हणून. बीसीजी जन्मताच, ती क्षयाच्या मेनिंजायटिसपासून लहान मुलांना वाचवते. हिब पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीत असतं, ६, १० आणि १४ आठवड्यांना, डाव्या मांडीत. २०११ च्या डिसेंबरात केरळ-तामिळनाडूपासून सुरू झालं. न्यूमोकॉकसची पीसीव्ही २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर: ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने, उजव्या मांडीत. १० आठवड्यांना पीसीव्ही नसते. ‘बाकीच्यांसोबत हीही द्या’ म्हणून पालक भांडतात.

बिघडतं ते उन्हापेक्षा थंडीने जास्त. पेंटा आणि पीसीव्ही दोन्हींत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, एकदा गोठलं की त्याचे कण गोळा होतात आणि लस निकामी. आयएलआरच्या (लसींच्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रीजच्या) तळाला टेकवून ठेवलेल्या, किंवा बर्फाचे पॅक घाम येण्याआधीच कॅरिअरमध्ये कोंबलेल्या कुप्या अशाच जातात. व्हीव्हीएमचा (कुपीवरच्या रंग बदलणाऱ्या खुणेचा) चौकोन पांढराच राहतो, कारण तो उष्णता मोजतो, गोठणं त्याला कळत नाही. संशय आला तर हलवून बघायची चाचणी: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित आणि ती दोन्ही हलवून शेजारी टेबलावर ठेवायच्या. गोठवलेलीत अर्ध्या तासात तळाशी गाळ आणि वर नितळ पाणी दिसतं. संशयित तितक्याच वेगाने बसली तर फेका. पॅक बाहेर काढून कानाशी हलवा, आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच कॅरिअरमध्ये.

कानसेन

बरा होऊन घरी गेलेल्या मुलाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून माझं तुणतुणं. मेनिंजायटिसनंतर कान तपासल्याशिवाय डिस्चार्ज नको, फार तर चार आठवड्यांच्या आत. नुसती ओएई (कानाच्या शंखापुरती झटपट चाचणी) पुरत नाही, बेरा करा. बेरात झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, टकटक आवाज देतात आणि मेंदूपर्यंत लहर पोचते का बघतात. बाळाला काहीही टोचत नाही, फक्त गाढ झोपलेलं हवं. म्हणून येताना भुकेलं आणि जागं ठेवून आणा आणि इथे पाजा.

घाई कशासाठी? या आजारात कानातल्या शंखात सूज येते आणि नंतर तिथे हाड भरू लागतं, काही आठवड्यांतच. एकदा शंख हाडाने बुजला की कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत जात नाही. बाकी बहिरेपणात आधी काही महिने श्रवणयंत्र लावून बघायची पद्धत आहे, ती इथे लावू नका. दोन्ही कान गेले असतील तर लगेच एमआरआय आणि शल्यविशारदाकडे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या वाक्याने किती शंख बुजले असतील, देव जाणे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी होते, आणि केंद्र सरकारच्या एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेतून इम्प्लांटला मदत मिळते. तिला वयाची अट आहे, तेही घाईचं एक कारण.

तिरकस

पोहण्याच्या तलावाचं कुणीतरी सांगा. केरळच्या बातम्यांनंतर आमच्याकडे पोरांचे क्लास बंद पडलेत.

सूक्ष्मदर्शक

त्या बातम्यांतला अमीबा म्हणजे नेग्लेरिया फाउलेरी. कोमट गोड्या पाण्यात असतो, नाकातून वर चढतो, पाणी प्यायल्याने होत नाही. क्लोरीन राखलेल्या तलावात टिकत नाही, म्हणून क्लास बंद करण्यापेक्षा क्लोरीनची नोंदवही बघायला मागा. उन्हाळ्यात साचलेल्या कोमट डबक्यात उड्या आणि नळाच्या पाण्याने जलनेती, या दोन गोष्टी टाळा. नेतीला उकळून गार केलेलं पाणी. पाठीच्या पाण्यात पेशी भरपूर, चित्र जिवाणूंसारखं, पण ग्रॅम स्टेनमध्ये काही नाही आणि पोहल्याचा इतिहास असेल तर ताज्या थेंबात वळवळणारा अमीबा शोधायचा. फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाटलीत तो वळवळत नाही, हे पुन्हा एकदा.

कोथरूडची_आई

शीतसाखळी, एक विचारते. शेजारचं बाळ तेरा महिन्यांचं आहे, पीसीव्हीचे पहिले दोन डोस झालेत, नऊ महिन्यांचा राहून गेला. आता खासगीत जावं लागेल का?

शीतसाखळी

नाही. पहिल्या वाढदिवसाआधी एक जरी डोस झाला असेल तर उरलेले सरकारी केंद्रातच पूर्ण करून मिळतात, मागच्या डोसपासून आठ आठवडे झाले असले म्हणजे पुरे. सुरुवातीपासून घ्यायची गरज नाही. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्या, दुसऱ्या डोसची तारीख त्यावरूनच बघतात. त्याच फेरीत गोवर-रुबेलाचा नऊ महिन्यांचा झालाय का तेही बघून घ्या. पीसीव्ही राहिलेली असते तेव्हा बहुधा तोही राहिलेला असतो.